मामांच्या नावावरची स्कूटर आणि महाविद्यालयाचा पास

प्रश्न : मी मूळची कोरेगावची (जि. सातारा). पुण्यात डेक्कन परिसरातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कोथरूडला पेइंग गेस्ट म्हणून राहते. मामांनी २०२२च्या दिवाळीत घेतलेली स्कूटर या जूनमध्ये मला वापरायला दिली. जुलैमध्ये मी लर्निंग लायसन्स काढले आणि महाविद्यालयात पार्किंगच्या पाससाठी अर्ज केला. ‘गाडी स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या नावावर हवी, आणि लर्निंग चालणार नाही,’ असे सांगून मला खिडकीवरूनच परत पाठवले. तेव्हापासून गाडी बाहेर रस्त्यावर लावते. मागच्या आठवड्यात ती टोइंगवाल्यांनी उचलली. पैसे भरून सोडवून आणली, पण घरी कोणाला सांगितलेले नाही. वर्गातल्या एका मैत्रिणीकडे पास आहे, मात्र ती आता गाडी आणत नाही. ‘अर्धे पैसे दे आणि माझा स्टिकर लाव,’ असे ती म्हणते. गेटवर नंबर कोणी बघत नाही. मग असे करायला काय हरकत आहे? आणि मामांच्या गाडीवर पास मिळण्याचा काही सरळ मार्ग आहे का?
– द्वितीय वर्ष विज्ञान, पुणे

उत्तर : सरळ मार्ग आहे, आणि तो फारसा लांबचाही नाही. पण स्टिकरचा मोह बाजूला ठेवल्याशिवाय त्या मार्गाबद्दल बोलण्यात अर्थ नाही, म्हणून आधी तेवढे स्पष्ट सांगते. मैत्रिणीचा स्टिकर लावू नका.

गेटवर कोणी नंबर बघत नाही, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. कनिष्ठ महाविद्यालयाचे वर्ग सुटत असताना आणि वरिष्ठचे भरत असताना, दोन्ही बाजूंनी गाड्यांची रीघ लागलेली असते, आणि त्या वेळी गेटवरचा एकटा सुरक्षारक्षक प्रत्येक गाडीचा नंबर वहीशी ताडून पाहू शकत नाही. तो स्टिकरचा रंग बघतो आणि गाडी आत सोडतो. मी नोकरीची बरीच वर्षे महाविद्यालयाच्या कार्यालयात खिडकीच्या आतल्या बाजूला काढली आहेत, आणि नंबर बघण्याचे दिवस वेगळे असतात, हे मला ठाऊक आहे. नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) समिती यायची असली, विद्यापीठाच्या परीक्षेचे केंद्र लागून बाहेरचे विद्यार्थी येणार असले, कोणाच्या डिक्कीतला लॅपटॉप गेला किंवा प्राचार्यांच्या गाडीपुढे कोणी स्कूटर आडवी लावली, की कार्यालयातून पासची नोंदवही खाली मागवली जाते आणि रांगेतली प्रत्येक गाडी तपासली जाते. पासवर अनुक्रमांक, शैक्षणिक वर्ष आणि बहुतेक ठिकाणी गाडीचा नंबरही असतो. तुमच्या गाडीवर दुसऱ्याच गाडीचा पास आहे, हे कळायला तेव्हा अर्धा मिनिट पुरते, कारण पुरावा तुम्हीच हेडलाइटखाली चिकटवलेला असतो.

त्यानंतर मैत्रिणीचा पास रद्द होणार, हे उघड आहे. पास दुसऱ्याला देणार नाही, असे हमीपत्र अर्जाच्याच पाठीवर असते आणि त्यावर तिची सही असते. त्यातून पैसे घेतल्याचे निघाले, तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जाऊ शकते. तुमचे नुकसान मात्र तिच्याहून मोठे होईल. आज तुमच्याकडे एक प्रामाणिक अडचण आहे, जी घेऊन तुम्ही प्राचार्यांसमोर उभ्या राहू शकता. खोटा स्टिकर सापडल्यावर ते तोंड राहणार नाही. आणि दुर्दैवाने त्या आवारात तुमची स्कूटर चोरीला गेली, तर कार्यालयाच्या लेखी ती गाडी तिथे कधी आलेलीच नव्हती. रंगीत झेरॉक्स काढून लावण्याची कल्पना तुम्ही लिहिलेली नाही, पण ती दरवर्षी कोणाला ना कोणाला सुचते. त्याला बनावट कागद तयार करणे म्हणतात आणि ते याहूनही वाईट. मैत्रिणीला पासची खरोखर गरज नसेल, तर तिने तो लेखी अर्जासह कार्यालयात परत करावा. तेवढ्याने तो तुम्हालाच मिळेल असे नाही, कारण प्रतीक्षायादीत तुमच्या आधी इतर असतील, पण एक जागा तरी मोकळी होईल.

आता लायसन्सबद्दल. या मुद्द्यावर महाविद्यालयाची बाजू पूर्ण बरोबर आहे आणि तुमची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार लर्निंग लायसन्स हे शिकण्यापुरते असते : गाडीवर ‘एल’ अक्षर हवे, सोबत पक्के लायसन्स असलेली शिकवणारी व्यक्ती हवी आणि तिच्याखेरीज इतर कोणाला मागे बसवता येत नाही. याचा अर्थ, तुम्ही कोथरूडहून रोज एकट्या येता तेव्हा नियम गेटपर्यंत पोहोचण्याआधी रस्त्यावरच मोडलेला असतो. त्यात गाडी मामांची. पक्के लायसन्स नसलेल्या व्यक्तीला गाडी चालवू दिल्याबद्दल मोटार वाहन कायद्याचे कलम १८० मालकाला जबाबदार धरते, आणि त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. अपघात झालाच, तर विमा कंपनीही पहिल्यांदा हाच मुद्दा काढू शकते. लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते, आणि लर्निंगची मुदत ६ महिन्यांची असते. म्हणजे जुलैमध्ये काढलेले जानेवारीत संपेल. चाचणीची वेळ ‘सारथी’ संकेतस्थळावर आधी घ्यावी लागते आणि सुट्टीच्या दिवसांत त्या लवकर भरतात, तेव्हा ती आजच घेऊन ठेवा. पक्के लायसन्स हातात येईपर्यंत गाडी राहत्या जागीच उभी राहू द्या. माझे हे सांगणे तुम्हाला आवडणार नाही, पण पाससाठी काय करावे यापेक्षा हे अधिक महत्त्वाचे आहे.

मामांच्या नावाचा मुद्दा मात्र वेगळा आहे, आणि तिथे तुम्हाला बोलायला जागा आहे. गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर असली पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. ‘स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या नावावर’ ही अट महाविद्यालयाने आपल्या सोयीसाठी घातलेली आहे. आवार त्यांचे असल्यामुळे तशी अट घालण्याचा त्यांना अधिकारही आहे. ती का घातली जाते, हे समजून घेतले तर तिच्यातून वाट काढणे सोपे जाते. डेक्कन, फर्ग्युसन रस्ता, कर्वे रस्ता या भागांत दिवसभर गाडी लावायला जागा मिळणे कठीण आहे, आणि आवारातला पास म्हणजे तशी जागा. त्यामुळे आसपासच्या दुकानांत, क्लासमध्ये, कचेऱ्यांत काम करणारी मंडळी ओळखीच्या विद्यार्थ्याच्या नावावर पास काढून आपली गाडी आत लावतात. कारकुनासमोर तुमचा अर्ज आला तेव्हा त्याला काय दिसले असेल, ते पाहा : आडनाव वेगळे, पत्ता वेगळा, विद्यार्थिनीशी काहीही संबंध न दिसणारा एक गृहस्थ आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, मालक. मामा-भाचीची आडनावे सहसा जुळत नाहीतच. पण ते नाते कोणत्याच कागदावर नव्हते, आणि कागदावर नसलेले नाते मान्य करण्याचा अधिकार खिडकीवरच्या माणसाला नसतो.

म्हणून ते नाते कागदावर आणा. मामांकडून साध्या कागदावर संमतीपत्र घ्या. त्यात गाडीचा नंबर, चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच अंक, तुमचे त्यांच्याशी असलेले नाते आणि ‘सदर वाहन चालू शैक्षणिक वर्षासाठी माझ्या भाचीस वापरण्यास दिले असून ते परत घेतल्यास महाविद्यालयास कळवीन’ असे एक वाक्य असावे, खाली सही आणि मोबाइल क्रमांक. सोबत आरसीची प्रत आणि मामांच्या ओळखपत्राची प्रत जोडा; आधार द्यायचेच असेल, तर ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात ती प्रत द्या. पण एवढ्याने काम अर्धेच होते. दुसरे पत्र तुमच्या आईचे हवे : ‘वाहनमालक माझे बंधू असून माझ्या संमतीने मुलगी हे वाहन वापरते.’ प्रवेशअर्जावर आईची सही आणि नाव आधीपासून असते, त्यामुळे कार्यालयाला ज्ञात असलेली व्यक्ती अनोळखी मालकाची ओळख पटवते, आणि शंका घेण्याचे कारणच उरत नाही. कोणी लेखी मागितल्याशिवाय स्टॅम्प पेपरवर पैसे घालवू नका.

हे कागद पुन्हा त्याच खिडकीवर नेऊ नका. तिथले उत्तर तुम्हाला मिळालेले आहे, आणि नियमातून सवलत देणे त्या खुर्चीच्या हाती नाही. अर्ज ‘मा. प्राचार्य, मार्फत विभागप्रमुख’ असा लिहा. विभागप्रमुखांची ‘शिफारस’ आणि सही घेऊन तो पुढे जाऊ द्या. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके उशिरापर्यंत चालतात, हे विभागप्रमुखांना सांगावे लागत नाही, आणि ते कारण अर्जात एका ओळीत आले तर शिफारशीला आधारही मिळतो. अर्ज मोठा करू नका. टोइंगची हकीकत तर त्यात मुळीच नको. ती वाचून प्राचार्यांना सहानुभूती वाटण्याऐवजी ‘ही मुलगी लर्निंगवर गाडी चालवते’ एवढेच कळेल. पक्के लायसन्स हाती येण्याआधी हा अर्ज करू नका. दोन कारणांपैकी एक शिल्लक ठेवून केलेला अर्ज पुन्हा नाकारला जाईल, आणि दुसऱ्यांदा नाकारलेला अर्ज तिसऱ्यांदा कोणी नीट वाचत नाही.

गाडी सरळ स्वतःच्या नावावर करून घेण्याचा दुसरा मार्ग तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. केवळ पाससाठी तो धरू नका, असे माझे मत आहे. मामांनी गाडी कायमची दिली असेल, तर गोष्ट वेगळी. मग नावावर करून घेणे त्यांच्याही हिताचे आहे, कारण नोंद बदलेपर्यंत प्रत्येक दंड आणि प्रत्येक नोटीस त्यांच्याच नावाने निघते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात, आणि राज्यातल्या राज्यात हस्तांतर असेल तर विकणाऱ्याने किंवा देणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे अपेक्षित असते. गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर आरसीवर बँकेचा बोजा असतो आणि बँकेच्या ना-हरकतीशिवाय पुढे काही होत नाही. विमाही आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीला १४ दिवसांतच कळवावे लागते. हे सारे एका वर्षाच्या स्टिकरसाठी करणे म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणे.

आता बाकीचे कागद. नंबरप्लेटबद्दल तुम्हाला काही करावे लागणार नाही : १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी विक्रेत्याकडूनच बसवून येते, आणि मामांची गाडी २०२२ची आहे. पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र, मात्र बघा. नव्या गाडीला पहिले वर्ष ते लागत नाही, म्हणून अनेक जण ते नंतरही विसरतात. त्यापुढे या गाड्यांना ते वर्षातून एकदा करावे लागते. खिडकीवरून परत जाणाऱ्या अर्जांत कालच मुदत संपलेले पीयूसी हे कारण मी जितक्या वेळा पाहिले, तितके दुसरे कोणतेही पाहिले नाही. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये असली, तर रस्त्यावर पोलिसांना ती चालतात. कार्यालयाच्या फाइलीला मात्र झेरॉक्सच लागते, त्यामुळे तिथे मोबाइल पुढे करून वाद घालू नका.

विम्याचा कागद जरा निगुतीने वाचा, कारण इथे जवळजवळ सगळेच फसतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. गाडीचे स्वतःचे नुकसान आणि चोरी यांचा विमा मात्र त्याच पॉलिसीत बहुधा एकाच वर्षाचा असतो. म्हणून मामांच्या पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असण्याची शक्यता आहे : एक २०२७पर्यंतची, आणि दुसरी २०२३च्या दिवाळीतच संपलेली. घरात सगळे म्हणतात की ‘विमा सत्तावीसपर्यंत आहे’, आणि ते खोटे नसते. गेटवर किंवा पोलिसांसमोर तो चालतो, महाविद्यालयही तो बघून अर्ज घेते. पण त्या विम्यात चोरीची भरपाई नसते. दुसरी मुदत संपली असेल, तर तेवढ्या भागाचा विमा वेगळा घेता येतो, आणि गाडी रोज आठ-आठ तास परक्या जागी उभी राहणार असेल तर तो घेणे शहाणपणाचे आहे. मामांकडून गाडीची दुसरी किल्लीही कुठे आहे, ते विचारून ठेवा. चोरीच्या दाव्यात विमा कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात.

हे एवढे सांगण्याचे कारण पार्किंगमध्ये लावलेली ती पाटी : ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’. पास मिळाला की महाविद्यालय गाडीची राखण करते, असा अनेकांचा समज असतो. पास म्हणजे आत येण्याची आणि जागा असेल तर गाडी लावण्याची परवानगी. ठरावीक जागेचा तो हक्क नव्हे आणि सुरक्षेची हमीही नव्हे. जागेपेक्षा पास जास्त दिले जातात, कारण सगळे एकाच वेळी येत नाहीत असा हिशेब असतो, आणि तो हिशेब वर्ष सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि परीक्षेच्या काळात कोलमडतो. पाटीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१९चा एक निकाल लोक सांगतात. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलमध्ये पाहुण्याने गाडी आणि किल्ली हॉटेलच्या माणसाकडे सोपवली होती, ती गाडी चोरीला गेली, आणि ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे पावतीवर छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. निकाल महत्त्वाचा आहे, पण तो गाडी आणि किल्ली ताब्यात देण्याच्या व्यवस्थेबद्दलचा आहे. तुम्ही स्वतः गाडी लावता आणि किल्ली पर्समध्ये ठेवता, तेव्हा गाडी महाविद्यालयाच्या ताब्यात दिली असे म्हणणे कठीण जाते. त्या निकालावर विसंबून विमा टाळू नका.

पास मिळाल्यावरच्या गोष्टी किरकोळ आहेत, पण त्यावरूनच रोजची भांडणे होतात. स्टिकर गाडीच्या पुढच्या भागावर, सपाट प्लॅस्टिकवर, पुसून कोरडे करून लावा. नंबरप्लेटवर कधीच नको, आणि डिक्कीत ठेवून गेटवर काढून दाखवण्याचा खेळही नको. गाडी मेन स्टँडवर लावा. साइड स्टँडवर तिरकी झुकलेली स्कूटर दीड गाडीची जागा खाते आणि शेजारच्याला काढताना अंगावर येते. हँडल लॉक करावे की नाही, यावर सुरक्षारक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे जुने भांडण आहे : त्यांना दाटी झाल्यावर गाड्या सरकवायच्या असतात, म्हणून ते लॉक करू देत नाहीत. माझ्या मते लॉक करावे, आणि त्यासाठी दहा मिनिटे लवकर येऊन भिंतीकडच्या रांगेत, जिथून गाडी सरकवण्याची गरज पडत नाही तिथे लावावी. उताराचा रस्ता, अपंगांसाठी राखलेली जागा आणि अग्निशमनाची गाडी वळते तो कोपरा कितीही रिकामा दिसला, तरी तो रिकामाच राहू द्या. गाडी सर्व्हिसिंगला असताना दुसरी आणायची झाली, तर आदल्या दिवशी कार्यालयातून एका दिवसाची चिठ्ठी घ्या. पुढे मामांनी गाडी परत घेतली किंवा विकली, तर स्टिकर खरवडून काढल्याशिवाय ती देऊ नका.

टोइंगबद्दल दोन शब्द. डेक्कनच्या आतल्या गल्ल्यांत ‘पी-१’ आणि ‘पी-२’ अशा पाट्या असतात. तारीख सम की विषम यावरून त्या दिवशी रस्त्याच्या कोणत्या बाजूला गाडी लावायची, ते ठरते. काल बरोबर लावलेली गाडी आज त्याच जागी चुकीची ठरते, आणि नवख्या विद्यार्थ्यांच्या गाड्या बहुतेक अशाच उचलल्या जातात. अशा चुकीला पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गाडी उचलण्याचा आकार वेगळा. घरी सांगितलेले नाही, असे तुम्ही लिहिता. ई-चलन झाले असेल, तर त्याचा संदेश गाडीच्या नोंदणीत असलेल्या मोबाइलवर जातो, म्हणजे मामांच्या. त्यांनी आजवर काही विचारले नसेल, तर संदेश वाचला नसेल किंवा तुमच्या फोनची वाट बघत असतील. संमतीपत्र मागण्यासाठी त्यांना फोन करायचाच आहे. त्या आधी हे सांगून टाका. पैसे भरल्याची पावती जपून ठेवा आणि गाडीच्या नंबरावर काही थकीत दिसत नाही ना, हेही पाहून घ्या.

शेवटी एक प्रश्न मी तुम्हाला विचारते : पास रोज लागणार आहे का? तुम्ही कोथरूडला राहता आणि महाविद्यालय डेक्कनला आहे. वनाजपासून आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप, गरवारे कॉलेज असे करत मेट्रो डेक्कनला येते, आणि या मार्गाचा वनाज ते गरवारे हा टप्पा मार्च २०२२ पासून सुरू आहे. विद्यार्थ्यांना तिकिटात सवलतही मिळते. सकाळची व्याख्याने असतील त्या दिवशी मेट्रोने जावे आणि प्रात्यक्षिके लांबण्याच्या दिवशीच गाडी काढावी, असे माझे मत आहे. पास मात्र तरीही घ्या, कारण जानेवारीतल्या थंडीत रात्री साडेसातला प्रयोगशाळेतून सुटल्यावर गाडी आत, उजेडात उभी असणे आणि बाहेर अंधाऱ्या गल्लीत असणे, यात फरक आहे. गणेश विसर्जनाच्या दिवशी आणि आवारात मोठा कार्यक्रम असेल तेव्हा पास असूनही गाडी आणू नये. रस्तेच बंद असतात.

पक्के लायसन्स, दोन्ही पत्रे आणि शिफारस असूनही अर्ज नाकारला गेला, तर कारण लेखी मागा. ‘जागा शिल्लक नाही’ हे कारण मान्य करण्यासारखे आहे आणि मग प्रतीक्षायादीत नाव घालायला सांगावे. तुमच्यासारख्याच अडचणीत इतरांना पास मिळाला आणि तुम्हाला नाही, असे असेल तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या विनियमांनुसार अशी समिती प्रत्येक महाविद्यालयात असावी लागते. तेवढी वेळ येणार नाही, असे मला वाटते. तरी अर्ज देताना त्याची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. तोंडी दिलेला नकार आणि तोंडी दिलेला अर्ज, दोन्हींची नोंद कुठेच राहत नाही.